गुप्तरोगांचे उघड आकडे

२०२२ च्या जुलैत अमेरिकेत मंकीपॉक्सची साथ पसरत होती. तेव्हा अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याच्या तपासणीसाठी तातडीने एक नवा आकडा जाहीर केला: ८७५९३. हा आकडा चिठ्ठी टाकून काढलेला नव्हता. त्याच्या अलीकडचा ८७५९२ हा परम्याचा, म्हणजे गोनोरियाचा. परम्याच्या जंतूचं शास्त्रीय नाव नायसेरिया आणि मंकीपॉक्सच्या विषाणूचा गट ऑर्थोपॉक्स. इंग्रजी मुळाक्षरांत ‘एन’नंतर ‘ओ’ येतो, म्हणून हा शेजार मिळाला. योगायोग असा की त्या वर्षीची साथसुद्धा मुख्यतः शरीरसंबंधातल्या जवळिकीतूनच पसरत होती.

अमेरिकेत डॉक्टरने टाका घातला, एक्स-रे काढला किंवा लघवी तपासायला पाठवली, तरी बिलावर त्या कामाचं नाव जात नाही, पाच आकडी नंबर जातो. त्याला सीपीटी कोड म्हणतात. विमा कंपनी वाचते तो हा नंबर. आणि गुप्तरोगांच्या तपासण्यांचे नंबर नीट पाहिले, तर त्यांत रोगांचा इतिहास सापडतो, प्रयोगशाळेतलं विज्ञान सापडतं, आणि कोणाची लाज कोण झाकतो आणि कोण उघडी पाडतो, हेही सापडतं.

आधी चार आकडे, मग पाच

सीपीटीचं पहिलं पुस्तक १९६६ चं. त्यात भर होता शस्त्रक्रियांवर आणि नंबर होते चार आकडी. १९७० च्या दुसऱ्या आवृत्तीत नंबर पाच आकडी झाले आणि प्रयोगशाळेच्या तपासण्याही जास्त आल्या. १९८३ मध्ये सरकारी मेडिकेअरने हेच नंबर स्वीकारले आणि मग सगळ्या देशाला ते घ्यावेच लागले. गंमत मालकीची आहे. सगळ्या देशाला सक्तीचे असलेले हे नंबर एका खासगी संघटनेच्या मालकीचे आहेत. त्यांचा कॉपीराइट अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे आहे आणि ते सॉफ्टवेअरमध्ये घालायचे तर परवाना विकत घ्यावा लागतो. रोगांचे नंबर मात्र वेगळे. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीवरून अमेरिकी सरकार बनवतं आणि कोणालाही फुकट मिळतात.

म्हणजे प्रत्येक बिलात दोन भाषा असतात. ‘काय केलं’ हे सीपीटी सांगतं आणि ‘का केलं’ हे रोगाचा कोड सांगतो. दोघांचं जुळलं नाही तर पैसे अडतात.

शेवटचा आकडा वाचायला शिका

जंतूचा डीएनए किंवा आरएनए शोधणाऱ्या तपासण्या इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने लावल्या आहेत. क्लॅमिडिया ८७४९० पासून, हर्पिस ८७५२८ पासून, एचआयव्ही ८७५३४ पासून, परमा ८७५९० पासून, ट्रायकोमोनास ८७६६० पासून.

यातल्या बऱ्याच रोगांना तीन-तीन नंबरांचा संच आहे आणि तीनही नंबर एकाच शिस्तीत येतात. पहिला नंबर ‘थेट शोध’: नमुन्यात जंतूचं जे जनुकीय द्रव्य असेल त्यालाच पकडायचं. दुसरा ‘वाढवून शोध’: आधी त्या द्रव्याच्या असंख्य प्रती काढायच्या, मग शोधायचं. कोविडमुळे घराघरात पोचलेली पीसीआर याच प्रकारची. तिसरा ‘मोजणी’: जंतू आहे एवढंच नाही, तर किती आहे तेही सांगायचं. म्हणून क्लॅमिडियाचे ८७४९०, ८७४९१ आणि ८७४९२, तर परम्याचे ८७५९०, ८७५९१ आणि ८७५९२. व्यवहारात घोडदौड मधल्या नंबरांची चालते. अमेरिकेत २०२३ मध्ये क्लॅमिडियाच्या १६ लाखांवर नव्या रुग्णांची नोंद झाली, त्यामुळे ८७४९१ हा तिथल्या प्रयोगशाळांचा रोजचा सोबती आहे. परम्याची मोजणी मात्र उपचारात फारशी कोणाला लागत नाही. तरी ८७५९२ पुस्तकात आपली जागा धरून आहे.

मोजणीला सगळ्यात मोठी किंमत आहे ती एचआयव्हीत. ८७५३६ म्हणजे रक्तातला विषाणूंचा भार. औषधं नियमित घेतली की हा भार इतका खाली जातो की यंत्राला दिसत नाही, आणि तो तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. हे सिद्ध करण्याच्या वाटेवर एक मोठा टप्पा होता एचपीटीएन ०५२ नावाचा अभ्यास. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवरच्या या अभ्यासाचं एक केंद्र पुण्यात होतं, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: लवकर सुरू केलेल्या औषधांनी जोडीदाराकडे जाणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला. पुण्या-चेन्नईतल्या जोडप्यांनी वर्षानुवर्षं रक्त दिलं म्हणून जगाला हे कळलं. त्यांची नावं कुठेच छापली जाणार नाहीत आणि ते योग्यच आहे, पण त्यांचा उपकार मोठा आहे.

पुण्यात रात्रपाळी, पुस्तक अमेरिकेचं

मराठी माणसाचा या आकड्यांशी दुसरा संबंध पोटापाण्याचा. पुणे आणि नवी मुंबईत अमेरिकन दवाखान्यांचं कोडिंग करणारी कार्यालयं आहेत. बीएस्सी, बीफार्म, फिजिओथेरपी, बीएचएमएस, बीएएमएस झालेली कितीतरी मुलंमुली तिथे काम करतात. समोर ओहायोतल्या किंवा टेक्सासमधल्या एखाद्या रुग्णाचा चार्ट असतो. डॉक्टरने लिहिलेलं वाचायचं, नंबर लावायचे, पुढच्या चार्टवर जायचं. क्लेम ‘डिनाय’ झाला, म्हणजे विमा कंपनीने पैसे नाकारले, तर का नाकारले ते शोधायचं.

या कामाची सर्वात नावाजलेली परीक्षा म्हणजे सीपीसी. १०० प्रश्न, ४ तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. आणि परीक्षेला कोडांची पुस्तकं उघडी ठेवून बसायचं! पाठांतराची ती परीक्षा नाहीच. नियम कुठे लिहिलाय आणि तळटीप काय म्हणते, हे घड्याळाकडे बघत शोधण्याची ती परीक्षा आहे. कोडिंग करणाऱ्यांना वर्षात दोनदा नवं वर्ष लागतं. १ ऑक्टोबरला रोगांचे कोड बदलतात आणि १ जानेवारीला सीपीटीचे. २०१५ मध्ये एचपीव्हीचे जुने नंबर गेले आणि ८७६२३ ते ८७६२५ आले, २०२० मध्ये मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या तुलनेने नव्याने ओळखलेल्या जंतूला ८७५६३ मिळाला, २०२५ मध्ये एचपीव्हीच्या रांगेत ८७६२६ उभा राहिला. गेल्या वर्षी पाठ केलेलं या वर्षी चालेलच असं नाही.

एकच तपासणी तीनदा

क्लॅमिडिया आणि परमा फक्त लघवीच्या जागीच होतात असा पुष्कळांचा समज असतो. ते घशातही होतात, गुदद्वारातही होतात, आणि तिथे बहुधा लक्षणंच दिसत नाहीत. नुसती लघवी तपासली तर हा संसर्ग निसटतो. म्हणून जाणकार डॉक्टर तीन ठिकाणचे नमुने घेतात. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घसा आणि गुदद्वाराच्या नमुन्यांसाठी पहिल्या दोन तपासण्यांना परवानगी दिली ती थेट मे २०१९ मध्ये. तोवर प्रयोगशाळांना स्वतःच्या जबाबदारीवर ही पद्धत पारखून घ्यावी लागे.

बिलात यामुळे पेच होतो. ८७४९१ तीनदा लिहिलं की विमा कंपनीच्या संगणकाला वाटतं, एकच ओळ चुकून तीनदा आली. तो दोन ओळी कापून टाकतो. तिथे मॉडिफायर ५९ कामाला येतो. नंबराच्या शेपटीला जोडलेले हे दोन आकडे सांगतात की हे काम वेगळं आहे, वेगळ्या जागचं आहे. आणि तीच तपासणी त्याच दिवशी मुद्दाम पुन्हा केली असेल तर ९१.

मला यातला सगळ्यात आवडतो तो मॉडिफायर ९२. पुस्तकात तो एचआयव्हीच्या तपासण्यांशी जोडून दिलेला आहे, ८६७०१ ते ८६७०३ आणि ८७३८९ या नंबरांशी. अर्थ असा: ही तपासणी अशा किटवर किंवा उपकरणावर झाली की ज्याला कायमची खोली लागत नाही, हातात उचलून रुग्णाजवळ नेता येतं. एचआयव्हीची तपासणी दवाखान्यातून निघून गाडीत, निवाऱ्यात, रस्त्याच्या कडेला आली, आणि त्या प्रवासाची दखल बिलाच्या पुस्तकाला घ्यावी लागली.

सव्वाचार डॉलरची तपासणी आणि बैलाचं हृदय

८६५९२ हा उपदंशाच्या, म्हणजे सिफिलिसच्या प्राथमिक तपासणीचा नंबर. त्याच्या वर्णनात एक नाव आपल्या घराघरातलं आहे: व्हीडीआरएल. महाराष्ट्रात जिची गरोदरपणाची फाईल झाली आहे, तिच्या रक्ताच्या अहवालात हे चार अक्षरी नाव असतंच. पुष्कळांना ते एखाद्या रसायनाचं नाव वाटतं. प्रत्यक्षात ते एका प्रयोगशाळेचं नाव आहे, व्हेनेरियल डिसीज रिसर्च लॅबोरेटरी. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या या सरकारी प्रयोगशाळेने १९४६ मध्ये ही तपासणी जगाला दिली.

तिच्यामागे एक बाई आहेत आणि त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं. मेरी पँगबॉर्न. १९४१ मध्ये त्यांनी बैलाच्या हृदयातून कार्डिओलिपिन नावाचा पदार्थ वेगळा काढला. उपदंश झालेल्या माणसाच्या रक्तातली प्रतिद्रव्यं या पदार्थाला चिकटतात, त्यावर सगळी तपासणी उभी आहे. म्हणजे व्हीडीआरएलमध्ये उपदंशाचा जंतू शोधलाच जात नाही! त्यामुळे ल्युपस किंवा मलेरिया असेल, कधी नुसतं गरोदरपण असेल, तरी ती खोटी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. म्हणून पक्कं करायला जंतूचीच प्रतिद्रव्यं शोधणारी दुसरी तपासणी लागते, ८६७८०. एखाद्या घरात व्हीडीआरएलचा कागद पाहून नवराबायकोत वादळ उठण्याआधी हा दुसरा नंबर कोणीतरी समजावून सांगायला हवा.

पैशांचं म्हणाल तर मेडिकेअरच्या अलीकडच्या दरपत्रकात ८६५९२ ला साधारण सव्वाचार डॉलर मिळतात. क्लॅमिडिया, परमा आणि ट्रायकोमोनास यांच्या ‘वाढवून शोधा’ला प्रत्येकी सुमारे ३५ डॉलर, तिघांनाही सारखेच. एचआयव्हीच्या चौथ्या पिढीच्या तपासणीला, ८७३८९ ला, सुमारे २४. विषाणूंच्या भाराला सुमारे ८५. खासगी विमा नसलेल्याच्या हातात पडणारं बिल या दरांच्या किती पटीत असेल, ते त्या-त्या दवाखान्यावर अवलंबून असतं.

गरोदर बाईच्या सगळ्या तपासण्यांना मिळून एकच नंबर आहे, ८००५५. त्यात रक्तगट, रुबेला, कावीळ बी आणि उपदंश सगळं येतं. २०१६ पासून एचआयव्ही धरून वेगळा नंबर आला, ८००८१. आणि इथे एक बारीक खाच आहे. उपदंशासाठी प्रयोगशाळेने व्हीडीआरएलच्या जातीची तपासणी केली तरच हा एकत्रित नंबर चालतो. ८६७८० वापरली तर ८००५५ बाद, सगळ्या तपासण्या सुट्या लिहायच्या. पुस्तकातली ही बारीक टीप ज्याच्या नजरेतून सुटते, त्याचा क्लेम परत येतो.

उपदंशाची तपासणी कोणी जुनाट म्हणून सोडून देऊ नये. २०२२ मध्ये अमेरिकेत उपदंशाचे २ लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले आणि ३,७०० हून जास्त बाळं जन्मतःच हा रोग घेऊन आली. पेनिसिलिनने बरा होणारा रोग, सव्वाचार डॉलरची तपासणी, आणि तरीही इतकी बाळं. या सगळ्या विषयात मला सर्वात जास्त अस्वस्थ करणारे आकडे हेच.

ए५० ते ए६४ ची गल्ली

आता दुसरी भाषा, रोगांच्या कोडची. आयसीडी-१० या रोगयादीत मुख्यतः शरीरसंबंधातून पसरणारे रोग ए५० ते ए६४ या पट्ट्यात राहतात. ए५० जन्मजात उपदंश, ए५४ परमा, ए५६ क्लॅमिडिया, ए५९ ट्रायकोमोनास, ए६० हर्पिस. ए६४ ‘नेमका कोणता ते सांगितलेलं नाही’ यासाठी.

ए५८ ला थोडं थांबायला हवं. त्वचेवर जखमा करणारा हा रोग डोनोव्हॅनोसिस नावानेही ओळखला जातो. चार्ल्स डोनोव्हन कलकत्त्यात जन्मलेले आयरिश डॉक्टर. १९०५ मध्ये मद्रासमध्ये त्यांनी या जखमांतले विशिष्ट कण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले. काळाआजाराच्या परोपजीवीच्या नावात, लेशमॅनिया डोनोव्हानी, जे डोनोव्हन आहेत ते हेच.

जागा सगळ्यात जास्त खाल्ली आहे ती उपदंशाने. नुसत्या ए५२ खाली उशिराच्या उपदंशाचे कोड लांबच लांब पसरले आहेत: महाधमनीला आलेला फुगवटा ए५२.०१, मेंदूचा लकवा ए५२.१७, डोळे ए५२.७१, यकृत ए५२.७४. डॉक्टर या रोगाला सगळ्या रोगांची सोंगं घेणारा म्हणतात ते का, हे या यादीवरून बोट फिरवलं की कळतं. पेनिसिलिनपूर्वीच्या काळात हे सगळे अवयव खरोखरच जात होते.

रोगांची यादी बनवायच्या धडपडीत लपवाछपवी पहिल्यापासून आहे. जॉन ग्राँट नावाच्या लंडनच्या कापड व्यापाऱ्याने १६६२ मध्ये शहराच्या मृत्यूनोंदींचा अभ्यास छापला. सुमारे २ लाख २९ हजार मृत्यूंत उपदंशाचे त्याला फक्त ३९२ सापडले, आणि तेही दोनच चर्चच्या हद्दीतून नोंदलेले. ग्राँटने ओळखलं की बाकीचे उपदंशी मृत्यू दुसऱ्याच रोगांच्या नावाखाली गेलेत. ज्यांचं नाकच झडून गेलेलं, ज्यांच्यावर समाजाचा राग, तेवढ्यांच्याच नावापुढे खरा रोग लिहिला जाई. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही नोंद आजच्या कोणत्याही आरोग्य अधिकाऱ्याने वाचावी अशी आहे.

नंबर नाही, रंग

आपल्याकडच्या सरकारी गुप्तरोग दवाखान्यांनी वेगळाच मार्ग काढला. खेड्यापाड्यांत पीसीआर कुठून आणणार? म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने लक्षणांवरून उपचाराची पद्धत आणली आणि औषधांची पाकिटं रंगांनी ओळखायची ठरवली. करडं पाकीट स्रावासाठी, हिरवं योनिदाहासाठी, पांढरं जखमेसाठी, निळं त्याच जखमेसाठी पण पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना, लाल हर्पिसला, पिवळं ओटीपोटाच्या दुखण्याला, काळं जांघेतल्या गाठीला. सात रंग, सगळे मोफत, ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये. वाचता न येणाऱ्या माणसालाही आपलं पाकीट ओळखता येतं, आणि पाकिटावर रोगाचं नाव मिरवत नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत तर भारतात कायदाच आहे. २०१७ चा हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय तपासणी नाही, आणि निष्कर्ष दुसऱ्याला सांगायचा नाही. मोफत तपासणी केंद्रात, लक्षणं नसलेल्या माणसाला ‘पॉझिटिव्ह’ म्हणण्याआधी तीन वेगवेगळ्या किटवर रक्त तपासतात.

पक्कं झाल्याशिवाय लिहायचं नाही

अमेरिकन कोडिंगमध्येही एचआयव्हीसाठी खास नियम आहे. एरवी रुग्णालयात दाखल माणसाला ‘बहुधा न्यूमोनिया’ असं लिहून सुट्टी दिली, तर कोडर न्यूमोनियाचा कोड लावू शकतो. एचआयव्हीला ही सवलत नाही. निदान पक्कं असेल तरच कोड. आजार बळावलेल्याला बी२०, आणि विषाणू आहे पण त्रास कधीच झाला नाही अशाला झेड२१. एकदा बी२० लागला की माणूस कितीही ठणठणीत झाला तरी झेड२१ वर परत येता येत नाही. वैद्यकीय इतिहासाच्या दृष्टीने नियम समजतो. औषधांवर वीस वर्षं उत्तम जगणाऱ्याला मात्र तो जाचतो, आणि माझ्या मते तो आता पुन्हा तपासायला हवा.

आर७५ हा कोड मला फार माणुसकीचा वाटतो. एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाच्या रक्तात आईची प्रतिद्रव्यं जवळपास दीड वर्ष राहू शकतात. तपासणी पॉझिटिव्ह दिसते आणि बाळाला संसर्ग झालेलाच नसतो. आर७५ म्हणजे ‘अजून ठरलेलं नाही’. बाळाच्या कपाळी लगेच शिक्का मारायचा नाही.

शिक्के मारणारे कोड

प्रत्येक कोड इतका जपून वागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये झेड७२.५ असा एकच कोड आहे, ‘जोखमीचं लैंगिक वर्तन’. अमेरिकेने स्वतःच्या आवृत्तीत त्याचे तीन तुकडे केले: झेड७२.५१ भिन्नलिंगी, झेड७२.५२ समलिंगी, झेड७२.५३ उभयलिंगी. तपासणी तीच, नळी तीच, औषध तेच. तरी बिलावर माणसाचं आयुष्य कोणत्या कप्प्यात पडतं हे लिहून ठेवायची सोय केली गेली. मला हे अनावश्यक वाटतं. पुष्कळ डॉक्टर त्याऐवजी झेड२०.२ वापरतात, ‘संसर्गाशी संपर्क आला असावा’, आणि काम तेवढ्याने भागतं.

१ ऑक्टोबर २०२३ ला यात एक चांगली भर पडली. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच औषध घेणाऱ्यांच्या, म्हणजे प्रेप घेणाऱ्यांच्या भेटीला स्वतःचा कोड मिळाला, झेड२९.८१. तोवर या निरोगी माणसांच्या बिलावर मुख्य कारण म्हणून संपर्काचा किंवा वर्तनाचा कोड टाकावा लागे.

एका अक्षराने बदलणारं बिल

२०१० च्या आरोग्य कायद्याने अमेरिकेत ठरावीक प्रतिबंधक तपासण्या विमाधारकाला मोफत झाल्या. तज्ज्ञांच्या सरकारी मंडळाने ‘अ’ किंवा ‘ब’ श्रेणी दिलेली तपासणी असली की रुग्णाने खिशातून काही द्यायचं नाही. १५ ते ६५ वयाच्या सगळ्यांची एचआयव्ही तपासणी ‘अ’ श्रेणीत. शरीरसंबंध असलेल्या २४ वर्षांपर्यंतच्या मुलींची क्लॅमिडिया आणि परम्याची तपासणी ‘ब’ श्रेणीत. या तरतुदीला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, वादाच्या मुळाशी प्रेपचं औषधच होतं, आणि २७ जून २०२५ ला न्यायालयाने ही व्यवस्था टिकवली.

पण ‘मोफत’ हे बिलाला कळतं कसं? ‘का केलं’ या कोडवरून. २२ वर्षांची मुलगी काही त्रास नसताना तपासणीला आली तर झेड११.३, म्हणजे चाळणी तपासणी. एचआयव्हीसाठी झेड११.४. बिल शून्य. तीच मुलगी ‘थोडा स्राव होतोय’ म्हणाली आणि डॉक्टरने लक्षणाचा कोड लिहिला, तर तीच ८७४९१ तपासणी आता ‘निदान’ ठरते आणि वार्षिक वजावटीचे पैसे तिला भरावे लागू शकतात. कोडरने इथे मनाने बदल करायचा नसतो. लक्षण आहे तर लक्षणच लिहायला हवं. मात्र लक्षण नसताना घाईत चुकीचा कोड पडतो आणि शंभर-दोनशे डॉलरचं बिल बघून ती मुलगी पुढच्या वर्षी तपासणीला येतच नाही, हे टाळता येण्यासारखं आहे. बिल चुकलंय असं वाटलं तर डॉक्टरच्या कार्यालयाला फोन करून कोड तपासायला सांगता येतो, आणि चूक त्यांची असेल तर दुरुस्त क्लेम पुन्हा पाठवता येतो.

पाकीट कोणाच्या हातात पडतं?

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरांनी हा भाग जरा लक्ष देऊन वाचावा. त्याच २०१० च्या कायद्याने मुलं २६ वर्षांची होईपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहू शकतात. सोय उत्तमच. पण प्रत्येक क्लेमनंतर विमा कंपनी एक हिशेबाचा कागद पाठवते, एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स. तो बहुधा विमा ज्याच्या नावावर आहे त्याला जातो, म्हणजे बाबांना. कधी त्यावर नुसतं ‘प्रयोगशाळा सेवा’ असतं, कधी तपासणीचं नाव असतं. मुलगी शिकायला दुसऱ्या राज्यात, आणि कागद घरच्या टपालपेटीत. या एका भीतीने कितीतरी तरुण मुलं तपासणी टाळतात, किंवा विमा असूनही रोख पैसे भरून दुसरीकडे जातात.

कॅलिफोर्नियाने यावर ठोस पाऊल उचललं. १ जुलै २०२२ पासून तिथल्या कायद्याने विमा कंपनीला बंधन घातलं की गुप्तरोग तपासणीसारख्या संवेदनशील सेवांचा पत्रव्यवहार ज्याने सेवा घेतली त्याच्याशीच करायचा. त्यासाठी त्याने वेगळा अर्ज करायची गरज नाही. इतर राज्यांत नियम वेगवेगळे आहेत. केंद्रीय गोपनीयता नियमांनुसार, माहिती उघड झाल्याने आपल्याला धोका होईल असं कळवलं, तर विमा कंपनीला दुसऱ्या पत्त्यावर किंवा दुसऱ्या मार्गाने संपर्क करण्याची विनंती मानावी लागते. डॉक्टरच्या कार्यालयाला तर धोक्याचं कारण न विचारताच अशी रास्त विनंती मान्य करावी लागते.

म्हणून तिकडे शिकणाऱ्या भाचरांना, पुतण्यांना, स्वतःच्या मुलांना हे तपासणीआधी सांगून ठेवा. नमुना देण्यापूर्वी खिडकीवर तीन गोष्टी विचारायच्या: ही तपासणी चाळणीच्या कोडखाली जाणार का, प्रयोगशाळा आपल्या विम्याच्या जाळ्यातली आहे का, आणि हिशेबाचा कागद कोणत्या पत्त्यावर जाणार. विमा कंपनीच्या वेबसाइटवर गोपनीय पत्रव्यवहाराचा अर्ज असतो. तो क्लेम जाण्याआधी भरायचा, कारण एकदा कागद टपालात पडला की तो परत बोलावता येत नाही. आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या कितीतरी गुप्तरोग दवाखान्यांत विम्याचं कार्ड न दाखवताही कमी पैशांत किंवा फुकट तपासणी होते, हा पत्ताही त्यांच्या फोनमध्ये असू द्या.